दार लावलं की खोली गार: डक्टिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

माझा पहिला स्वतंत्र बंगला नाशकात गंगापूर रोडला. तीन बेडरूम, मोठा हॉल, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम करणारं, डक्टमधून म्हणजे पत्र्याच्या बंद वाटेने खोल्याखोल्यांत हवा पोहोचवणारं एकच डक्टेबल मशीन. पत्र्याचं काम मी उभं राहून करून घेतलं, जोड न् जोड सीलंटने भरला, वरून नायट्राइल रबराचं इन्सुलेशन. दिवाळीनंतर ताबा दिला. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला आणि पहाटे फोन आला, "दादा, आईंची खोली काही तापत नाही हो."

चार चकरा मारल्या. गॅसचं प्रेशर बरोबर, बाहेरचं युनिट बरोबर. मला वाटलं, टनच, म्हणजे मशीनची क्षमताच, कमी पडला. ही शंका तुम्हालाही येईल, म्हणून आधी गणित करा. नाशकात उन्हाळ्यात बाहेर ४०, आत २४ ठेवायचं. फरक १६ अंशांचा, वर स्लॅब तापलेला. थंडीत बाहेर ८, आत २२. फरक १४ आणि ऊन डोक्यावर नाही. उन्हाळ्यासाठी नीट निवडलेलं मशीन इथल्या थंडीला सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती हवा.

चौथ्या रात्री मी तिथेच थांबलो. त्या खोलीतल्या आजींनी झोपायला दार लावलं आणि हवा सोडणाऱ्या ग्रिलचा, म्हणजे जाळीचा, आवाज बसला. दाराखालच्या फटीशी अगरबत्ती धरली. धूर जोरात बाहेर फेकला जात होता. हवा मशीनकडे परत ओढणारं रिटर्न ग्रिल मी एकच दिलं होतं, हॉलमध्ये. खोलीत सोडलेल्या हवेला परतायला तेवढी फटच होती.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच मी फसलो. खोलीला २०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २०० घनफूट हवा, दिले. दार ३० इंची, फट अर्ध्या इंचाची, म्हणजे १५ चौरस इंच. तेवढ्यातून २०० सीएफएम जायचे तर वेग मिनिटाला १,९०० फुटांच्या वर लागतो. तो आणायला लागणारा दाब घरगुती मशीनच्या पंख्यात सहसा शिल्लक नसतो. मग खोलीत दाब चढतो आणि पुरवठाच घटतो. तिकडे पंखा हॉलमधून ओढतच असतो, आणि हॉलची तूट स्लायडिंग खिडकीच्या फटींतून येणारी बाहेरची गार हवा भरून काढते. म्हणजे एक खोली उपाशी आणि दुसरीकडून थंडी आत. डक्ट कितीही सुबक असू द्या.

उपाय साधा निघाला. दारावरच्या भिंतीत १२ बाय १२ इंचाचं ट्रान्स्फर ग्रिल, म्हणजे खोलीतली हवा हॉलकडे जाऊ देणारी जाळी, दोन्ही बाजूंनी. भिंत फोडणं आणि पुन्हा रंग, सगळं माझ्या खिशातून. नकाशावर असतानाच ठरवलं असतं तर गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

"दीडशे फुटाला एक टन" एवढ्या ठोकताळ्यावर मशीन ठरवणाऱ्या माणसाकडे शिकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांचा पत्र्यावर हात सुरेख होता, पण हवा मोजताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. हवेचा वेग मोजणारं ॲनिमोमीटर स्वतःच्या पैशांनी घ्या, पहिल्या पगारातून. फ्लेक्सिबल डक्ट लोंबकळत सोडू नका, ताणून बांधा. छतातल्या ग्रिलच्या पट्ट्या थंडीत खाली वळवा, गरम हवा वरच तरंगत राहते.

आकडेमोडीला भिऊ नका. आयटीआयला जेवढं गणित झालं तेवढं पुरतं. मला तर अपूर्णांकसुद्धा जड जायचे, आणि तरी जमलं. पण ताबा देण्याआधी प्रत्येक बेडरूमचं रीडिंग दोनदा घ्या, दार उघडं ठेवून आणि कडी लावून. आजींच्या खोलीत ग्रिल बसल्यावर मी ते घेतलं, तर दोन्ही आकडे जवळपास सारखे आले. त्या रात्री फोन आला नाही, तरी पहाटे पाचला मी जागाच होतो.