दुसऱ्यासाठी प्लेलिस्ट तयार करताना

स्वतःपुरत्या यादीत काहीही चालते. पण तीच यादी दुसऱ्याला द्यायची म्हटली, की ती तो केव्हा आणि कशासाठी लावणार, याचा विचार आधी करावा लागतो. म्हणून नावातच प्रसंग सांगावा. ‘माझी आवडती गाणी’ यावरून काहीच कळत नाही. ‘रात्री वाचताना, बहुतेक शब्दांविना’ असे लिहिले, की ज्याला तसेच काही हवे असते तो ती यादी उघडतो.

लांबीसाठी मी अजूनही कॅसेटचे माप पाळतो. सी-90 कॅसेटच्या एका बाजूला 45 मिनिटे मावत, आणि तेवढ्यात बसणारी दहा-बारा गाणी निवडताना प्रत्येक गाणे का ठेवले, याचे उत्तर स्वतःला द्यावेच लागते. दोनशे गाण्यांचा तर नुसता साठा होतो. पहिल्या तिनांत एखादे ओळखीचे गाणे असावे. त्याच्या भरवशावर ऐकणारा अनोळखी गाण्यांकडे वळतो.

खरी मेहनत क्रमाची. एका गाण्याची शेवटची वीस सेकंदे आणि पुढच्याची पहिली वीस सेकंदे लागोपाठ ऐकून पाहावीत. एकटी बासरी विरत जाऊन गाणे संपले आणि लगेच ढोलाचा दणका आला, तर ऐकणारा दचकतो आणि बासरीने जमवलेली शांतता वाया जाते. मध्ये गिटारवर मंद सुरू होऊन हळूहळू ठेका धरणारे गाणे ठेवले, की तीच दोन गाणी एकाच मैफलीतली वाटतात. स्पॉटिफायवर क्रॉसफेडने 12 सेकंदांपर्यंत गाणी एकमेकांत मिसळता येतात खरी, पण ते सेटिंग ऐकणाऱ्याच्या हाती असल्याने त्याच्याविनाही हा सांधा जुळला पाहिजे. क्रम महत्त्वाचा असेल, तर शफल बंद ठेवण्याची विनंती वर्णनात करावी.

लिंक पाठवण्यापूर्वी यादी सार्वजनिक आहे ना, हे पाहावे. हक्कांच्या करारांमुळे काही गाणी काही देशांत वाजत नाहीत, शिवाय समोरचा दुसरे अ‍ॅप वापरत असू शकतो; म्हणून गाणे, गायक आणि ध्वनिमुद्रण मूळ, मैफलीतले की रिमिक्स, हे सोबत लिहून द्यावे.

ऐकणाऱ्यानेही यादी एकदा तरी दिलेल्या क्रमाने पूर्ण ऐकावी आणि नुसते ‘छान आहे’ असे न कळवता कोणत्या गाण्यापाशी थांबून ते पुन्हा लावले, तेवढे आवर्जून सांगावे. पुढची यादी करताना मी सुरुवात त्याच गाण्यापासून करतो.