शेरूच्या अंगावरच्या पिसवा आणि घरातल्या पिसवा

कुत्रं खाजवतंय म्हणजे पिसवाच झाल्यात, असं धरून चालू नका. गोचीड असेल, खरूज असेल, नाहीतर नुसती कोरडी कातडी. औषध आणायच्या आधी नीट बघून घ्या. त्याला डोक्यातल्या उवा काढायची बारीक फणी आणि जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा, एवढंच लागतं.

आमचा शेरू देशी आहे, पिवळसर, आखूड केसांचा. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, घराला लागून म्हशींचा गोठा, मागे दादर ज्वारीच्या कडब्याची गंजी. अशा घरात पिसू कधी ना कधी येतेच, त्यामुळे सकाळचं दूध काढून झालं की मी त्याला ओट्यावर धोतरावर उभं करते आणि तपासते.

शेपटीच्या बुडापासून सुरुवात करा. केस उलटे फिरवा आणि कातडीपर्यंत बघा. मग कंबर, मांड्यांची आतली बाजू, पोट, शेवटी मान. पिसू तपकिरी, दोन्ही बाजूंनी चेपलेली, दीड ते तीन मिलिमीटरची असते आणि केस फाकवले की सरसर पळते. ती दिसलीच पाहिजे असं नाही, तिची घाण मात्र हमखास सापडते. फणी फिरवली की दातांत काळे बारीक कण येतात, मातीसारखेच दिसणारे. ते ओल्या पांढऱ्या कपड्यावर झटका आणि थोडं थांबा. माती असेल तर मळकट डाग पडतो. पिसवांची घाण असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी ओल पसरते, कारण ते कुत्र्याचं पचलेलं रक्तच असतं. हा डाग दिसला की शंका उरत नाही. फणीत आलेल्या पिसवा लगेच साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर उडी मारून परत अंगावर जातात.

गोचीड वेगळी. तिला आठ पाय, ती एका जागी रुतून बसते आणि रक्त पिऊन फुगते. तिच्यामुळे कुत्र्याला ताप येतो, तेव्हा गोचीड दिसली तर डॉक्टरांना तेही सांगा.

काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच अॅलर्जी असते. अंगावर एक-दोन पिसवा असल्या तरी कंबरेचे केस जातात, चावून चावून जखम ओली होते. तिथे पिसवा मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

आता मुख्य गोष्ट. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे त्यांच्या सगळ्या कुटुंबाचा जेमतेम विसावा हिस्सा. बाकीचं कुटुंब घरात असतं. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, त्यामुळे कुत्रं जिथे बसतं, झोपतं तिथे गळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात, फटीत शिरतात आणि ती काळी घाण खाऊनच वाढतात. मग कोष. कोष चिकट असतो, त्याला धूळ लागते आणि तो दिसेनासा होतो. आतली पिसू कित्येक आठवडे, कधी महिनेही थांबून राहते आणि पावलांची धडधड, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर पडते. सुट्टीनंतर बंद घर उघडलं आणि घोट्यांवर लाल पुरळ उठले, तर कारण हेच.

आमच्याकडे म्हणतात, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पिसू कशी राहील? उघड्या, तापलेल्या मातीत अळ्या खरंच वाळून मरतात. त्यांना ओल लागते. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की त्या जगत नाहीत. पण शेरू काही उन्हात बसत नाही. तो मोरीजवळ माती उकरून बसतो, माठाखाली बसतो, दुपारी कूलरच्या पुढ्यात पसरतो. सावली आणि ओल दोन्ही तिथेच, म्हणून पिसवाही तिथेच. आणि पाऊस सुरू झाला की आषाढ-श्रावणात त्यांना पूर्ण रान मोकळं. म्हणून मी औषध जूनच्या सुरुवातीलाच सुरू करते.

औषध तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. डॉक्टर आधी वजन विचारतात. आमच्याकडे कापूस मोजायचा काटा आहे. शेरूला उचलून त्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. अंदाजे सांगू नका, मोठ्या कुत्र्याचं औषध अर्धं करून लहानाला देऊ नका.

मानेवर टाकायच्या औषधात बहुतेक फिप्रोनिल असतं. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याची जीभ पोचत नाही, तिथे केस फाकवून ते कातडीवर सोडायचं, केसांवर नाही. आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस अंघोळ नको, आणि वाळेपर्यंत लेकरांना जवळ जाऊ देऊ नका. गोळ्यांत अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर महिनाभर पुरतात, फ्लुरालॅनर साधारण बारा आठवडे. कुत्र्याला कधी झटके आले असतील, कुत्री गाभण असेल किंवा पाजत असेल, तर ते आधी सांगा.

आणि कळकळीने सांगते, कपाशीवर मारायचं औषध कुत्र्याला लावू नका. फवारणीचा पंप दारातच असतो, बाटलीत थोडं उरलेलं असतं, आणि हात तिकडे जातो. ते कातडीतून आत जातं, आणि कुत्रं अंग चाटून पोटातही घेतं. तोंडाला फेस, थरथर, आणि जीव जातो. गुरांच्या गोचिडीचं औषधही आपल्या अंदाजाने लावायचं नाही. "औषध कशाले? रॉकेल लाई दे," असं शेजारच्या काकू मायेनेच सांगतात, पण रॉकेलने कातडी भाजते. लसूण, कांदा खाऊ घालणंही कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. घरात मांजर असेल तर तिलाही त्याच दिवशी औषध द्या, पण मांजराचंच. कुत्र्यासाठीच्या परमेथ्रिनने मांजर मरतं.

मग घर. शेरूचं पोतं आणि गोधडीचा तुकडा मी कढत पाण्यात भिजवते, धुते आणि पत्र्यावर कडक उन्हात वाळवते, दर आठवड्याला. ओटा, मोरीची कड, कूलरखालची जागा, कडब्याच्या गंजीचा पायथा रोज झाडते. केर उकिरड्यावर टाकत नाही, पिशवीत बांधून बाहेर काढते. ओट्याच्या फटी सिमेंटने बुजवल्या, हे सगळ्यात उपयोगी पडलं. फवारणी करायची तर घरात वापरायचंच औषध, कुत्रं आणि मुलं बाहेर ठेवून. कोषाला मात्र तेही फारसं लागत नाही.

म्हणूनच औषधानंतरही काही आठवडे नव्या पिसवा दिसतात. औषध वाया गेलं असं समजून सोडू नका. जुने कोष फुटत असतात, आणि त्यातल्या पिसवा औषध दिलेल्या कुत्र्यावर येऊन मरतात. निदान तीन महिने नेटाने चालू ठेवा.

शेपटीखाली किंवा कुत्र्याच्या शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, म्हणजे पोटातला चपटा जंत. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं, तिच्यातून तो येतो. त्याची गोळी वेगळी, प्राझिक्वांटेलची.

म्हातारी माणसं पिसू म्हटलं की प्लेगची आठवण काढतात. १९९४ साली शेजारच्या सुरतेत साथ आली तेव्हा इकडेही लोक घाबरले होते. प्लेग मुख्यतः पसरवते ती उंदरावरची पिसू, जात वेगळी. घरात उंदीर पटापट मरून पडायला लागले, तर मात्र आरोग्य केंद्रात कळवा.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिलांना स्वतःच्या मनाने कुठलंच औषध लावू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच कोरडं पुसणं आणि दिवसातून दोनदा फणी; आईचा इलाज डॉक्टरांकडून. पिलाचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असेल तर ठीक. पांढरट पडली असेल तर पिसवांनी रक्त पिऊन त्याला अशक्त केलंय. त्याच दिवशी, उपरण्यात गुंडाळून, दवाखान्यात न्या.