चिठ्ठी सांगेल तोच चौकोन

आमची शाळा यावल तालुक्यात. गच्चीवरून सातपुडा दिसतो, पण चाळीस पोरांना अभयारण्यात न्यायचं दरवर्षी जमत नाही. म्हणून मी व्हरांड्यातच रान मांडते, आणि थोडे चौकोन मोजून सगळ्या रानाचा अंदाज कसा बांधायचा ते शिकवते.

शहाबादी फरशीवर खडूनं १० बाय १० चे दोन पट आखा, एकेक चौकोन चार बोटांचा. गुळगुळीत टाइल नको, मूग घरंगळतो. आडव्या ओळींना आणि उभ्या रांगांना ० ते ९ आकडे द्या. प्रत्येक पटावर मोजून ४०० दाणे. पहिला पट केळीचा मळा: जवळजवळ सगळी तूर, म्हणजे केळी, बांधाकडेला थोडी चवळी म्हणजे निंब, थोडे मूग म्हणजे गाजरगवत. दुसरा सातपुडा: साग, अंजन, पळस, धावडा, खैर यांना पाच कडधान्यं. काही विखरा, काही पुंजक्यानं टाका. रानात झाडं रांगेत उभी नसतात.

आता डब्यात ० ते ९ च्या चिठ्ठ्या. पहिली ओळ सांगते, दुसरी रांग. असे १० चौकोन काढा आणि तेवढ्यातलेच दाणे मोजा. आलेलाच पुन्हा आला तर सोडून द्या. पोरांना निवडू दिलंत तर भरगच्च चौकोनच धरतात, बांधाकडे कुणी बघत नाही.

पहिली चिठ्ठी डब्यात परत टाकूनच दुसरी काढायची. पहिल्या वर्षी मी टाकत नव्हते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ३-३ चा चौकोन कधीच का येत नाही?" खरंच की! ०-० पासून ९-९ पर्यंतचे १० चौकोन मीच बाद करून बसले होते.

वरच्या आणि डाव्या रेषेवरचा दाणा धरा, बाकी दोन रेषांवरचा सोडा. हे आधीच ठरवा, नाहीतर तास भांडणात जातो.

१० चौकोनांत ४३ दाणे आले तर पटावरच्या १०० चौकोनांचा अंदाज ४३०. पोरं "चुकलं" म्हणतात. त्यांना आणखी १० चौकोन काढू द्या, बेरजेला ५ नं गुणू द्या.

नववीला जातींची विविधता मोजणारा १९४९ चा सिम्प्सनचा निर्देशांकही जमतो. प्रत्येक जातीचे दाणे गुणिले त्याहून एक कमी, सगळ्यांची बेरीज. तिला एकूण दाणे गुणिले एकूणाहून एक कमी यानं भागा, उत्तर १ मधून वजा करा. मळ्यात ३८, १, १ आले तर ०.१०, रानात १४, १०, ८, ५, ३ आले तर ०.७७. दाणे दोन्हीकडे ४०च.

शेवटी कडधान्यं निवडायला पोरांनाच बसवा. तूर आणि मठ (मटकी) वेगळे करताना सगळ्यात जास्त कुरकुर होते.