पुराच्या शिक्षणासाठी निधी मागताना या चुका टाळा

२३ जुलै २०२१ ला गोव्यात म्हादई आणि वाळवंटी या नद्या चढल्या, पैकुळचा पूल वाहून गेला, सत्तरी-डिचोली तालुक्यांत मातीची घरं बसली. त्यानंतर आमच्या मंडळाने वाड्यावाड्यांवर पुराची तयारी शिकवायचं काम हाती घेतलं. पैसे उभे करताना आम्ही जिथे चुकलो, तिथे तुम्ही चुकू नये म्हणून हे लिहितो.

पाऊस डोक्यावर आल्यावर अर्ज

पहिल्या वर्षी आम्ही जूनमध्ये पंचायतीत गेलो. सचिव म्हणाले, "आराखड्यात जे नाही ते मी बसवू कुठे?" त्यांचं बरोबर होतं. ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम ऑक्टोबरपासून सुरू होतं, म्हणून विषय तेव्हाच्या ग्रामसभेत मांडा. ठरावात 'प्रशिक्षण' हा शब्द आणि रक्कम, दोन्ही लिहून घ्या. इतिवृत्ताची प्रत मागायला विसरू नका.

वस्तू मागणं, शिकवणं विसरणं

वस्तूंसाठी देणगीदार लवकर मिळतो, कारण फोटो चांगला येतो. एका वाड्यावर देवळाच्या खोलीत लाइफ जॅकेट पाहिली, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. एक काढून घालायला सांगितलं तर मांडीखालून घ्यायचा पट्टा दोघातिघांनी नुसताच लोंबता सोडला. असं जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं. देवळाच्या मंडपात तासभर सराव घेतला आणि पोरं शिकली. खर्च काय, तर प्रशिक्षकाचा प्रवास आणि चहा. म्हणून वस्तूंच्या प्रत्येक मागणीला सरावाचा खर्च जोडा, आणि तो दर वर्षीचा धरा.

दार चुकणं

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला १० टक्के भाग पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी ठेवला. पण ही रक्कम थेट पंचायतीच्या खात्यात पडत नाही. ठरावासह प्रस्ताव मामलेदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे न्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. 'आपदा मित्र' या सरकारी योजनेत आपत्तीतल्या मदतकार्यासाठी तयार झालेले स्वयंसेवक शिकवायला मिळतील का, हेही तिथेच विचारा.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधीही आहे. या निधीतून कोणती कामं करता येतात त्याची यादी कंपनी कायद्यात आहे, आणि २०१९ पासून आपत्ती व्यवस्थापन हा विषय त्या यादीत आहे. मात्र तो निधी घेणाऱ्या संस्थेची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. वाड्यावरच्या मंडळाकडे ती नसते. नोंदणी असलेल्या जुन्या संस्थेबरोबर लेखी करार करून अर्ज करा.

मोसम आणि रोजंदारी न धरणं

पावसाआधीचे महिने शिकवायला सोयीचे वाटतात, पण तेव्हा अख्खी सत्तरी काजूत असते. एप्रिलमधल्या आमच्या एका वर्गाला सहा माणसं आली. आता आम्ही वर्ग जानेवारीच्या शेवटी घेतो. दिवसभराचा वर्ग असेल तर बागायतीत रोजावर जाणाऱ्या बाईची मजुरी अंदाजपत्रकात उघड लिहितो. ती लपवून 'किरकोळ'मध्ये घातली की हिशेबात अडचण येते, आणि वगळली की जिला खरी गरज ती येतच नाही.

पूर ओसरल्यानंतरचं शिक्षण वगळणं

हे माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं. घर पडलं की पंचनामा होतो आणि मग कागद मागतात. आपल्याकडे कित्येक घरं मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचं (जमीनमालकाचं), राहणारी माणसं तिसऱ्या पिढीतली, आणि घरपट्टीची पावती पुरात भिजलेली. चिखल काढता काढता ही माणसं कार्यालयाच्या पायऱ्या चढतात.

म्हणून प्रस्तावात 'पुनर्वसनाचं मार्गदर्शन' ही ओळ वेगळी घाला. घरपट्टी, वीजबिल, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात कशा ठेवायच्या, घराचे चारही बाजूंनी फोटो उन्हाळ्यातच कसे काढायचे, पंचनाम्याच्या वेळी काय दाखवायचं, सही करण्याआधी काय वाचायचं, एवढं शिकवायला एक संध्याकाळ पुरते. त्या संध्याकाळी तलाठ्यांना बोलवा. समोर बसून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लोकांच्या लक्षात राहतात.