स्वतःचं आजारपण सांभाळून घरच्यांचं करताय? ब्रिटनमध्ये नवीन आलेल्यांसाठी भत्त्यांची माहिती

इथल्या आपल्या मंडळींमध्ये एक समज घट्ट बसला आहे. स्वतःच्या अपंगत्वासाठी सरकारी मदत मिळत असताना घरातल्या दुसऱ्या आजारी माणसाचं करायला लागलं, की आपली मदत बंद होते, असं लोक धरून चालतात. त्या भीतीने कितीतरी जण रात्रंदिवस राबतात आणि कुठेच नोंद करत नाहीत. असा कायदा नाही. मला संधिवात आहे, त्यासाठी पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट हा अपंगत्वाचा भत्ता मिळतो. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून त्याची केअररही, म्हणजे सेवा करणारीही, मीच आहे. दोन्ही गोष्टी सरकारदरबारी नोंदवलेल्या आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण कुठलाही अर्ज भरण्याआधी व्हिसा बघा. स्किल्ड वर्कर, स्टुडंट, स्पाउस अशा बहुतेक व्हिशांवर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत) ही अट असते. पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट (इथे सगळे पिपच म्हणतात), अटेन्डन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयातल्या आजारी माणसांसाठी), केअरर्स अलाउन्स (सेवा करणाऱ्यासाठी), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांसाठी) हे सगळे पब्लिक फंड्समध्ये मोडतात. अट असताना अर्ज केला तर व्हिशाच्या अटीचा भंग होतो आणि पुढच्या अर्जात तो आडवा येतो. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मात्र पब्लिक फंड्समध्ये येत नाहीत. तुम्ही स्वतः नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी वर्गणी) भरून मिळवलेली न्यू स्टाइल ईएसए, म्हणजे आजारपणामुळे काम जमत नसताना मिळणारी मदत, आणि मालकाकडून मिळणारा आजारपणातला पगार, म्हणजे स्टॅट्युटरी सिक पेसुद्धा येत नाहीत. तुमचं आजारपण नोकरीत असताना सुरू झालं असेल तर आधी या दोन्हींची चौकशी करा.

आयएलआर (इथे कायमचं राहण्याची परवानगी) मिळालं की ही अट सुटते. पिप, अटेन्डन्स अलाउन्स आणि केअरर्स अलाउन्सला आणखी एक नियम लागतो: मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे तुम्ही प्रत्यक्ष या देशात असायला हवं. याला काही ठरावीक अपवाद आहेत. भारतात लांबलचक मुक्काम करून आलेल्यांनी पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून हे मोजावं.

आई-वडिलांना कायमचं इथे आणणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. अ‍ॅडल्ट डिपेन्डंट रिलेटिव्ह व्हिशासाठी आपण त्यांना पाच वर्षं सांभाळण्याची लेखी हमी देतो. त्या काळात त्यांना पेन्शन क्रेडिटसारखे उत्पन्नावर अवलंबून असलेले भत्ते मिळत नाहीत. अटेन्डन्स अलाउन्सला ही हमी आड येत नाही, पण वरचा १०४ आठवड्यांचा नियम त्यांनाही लागतो. आणि केअरर्स अलाउन्स मिळायचा तर ज्याची सेवा करतो त्याला पिपचा डेली लिव्हिंग (रोजच्या कामांसाठीचा) भाग, अटेन्डन्स अलाउन्स किंवा तसाच एखादा भत्ता मिळत असायला हवा. म्हणजे आईसाठी तुम्ही दिवसाचे बारा तास घालवत असाल, तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल, तरी तिचा असा भत्ता सुरू होईपर्यंत तिच्या नावावर तुम्हाला केअरर्स अलाउन्स मिळणार नाही. मला हा नियम फार कठोर वाटतो, पण त्याचा हिशेब आई-बाबांचं तिकीट काढण्याआधीच करायला हवा.

आता मूळ मुद्दा. पिप उत्पन्नावर अवलंबून नसतो, नोकरीवर नसतो, तुम्ही कोणाची सेवा करता यावरही नसतो. केअरर्स अलाउन्स मिळण्यासाठी आठवड्याला किमान ३५ तास सेवा करावी लागते. २०२५-२६ साली तो आठवड्याला ८३.३० पौंड होता. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी मिळू शकतात. इतकंच काय, नवरा-बायको दोघंही आजारी असतील, दोघांनाही पिपचा डेली लिव्हिंग भाग मिळत असेल आणि दोघं एकमेकांचं बघत असतील, तर दोघांनाही केअरर्स अलाउन्स मागता येतो. ३५ तासांत फक्त उचलणं-बसवणं धरत नाहीत. औषधं वेळेवर देणं, रात्री उठून बघणं, पडू नये म्हणून जवळ थांबणं, डॉक्टरांशी बोलणं, हे सगळं त्यात येतं. माझ्या बोटांना बाटलीचं झाकण उघडत नाही, तरी नवऱ्याने गोळी गिळली की गालात धरली हे मला बघता येतं. ती सेवाच आहे.

केअरर्स अलाउन्स सुरू झाला १९७६ साली, तेव्हा लग्न झालेल्या बाईला तो मिळतच नसे. घरच्यांचं करणं तिचं कामच आहे, असं धरलं जाई. जॅकलीन ड्रेक नावाच्या बाई आपल्या आईची सेवा करत होत्या. त्यांचा खटला युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ साली तो नियम गेला. आपल्याकडच्या सुना-बायका अजूनही म्हणतात, ‘घरच्यांचं करायचे कसले पैसे घ्यायचे?’ त्यांना मी हे आवर्जून सांगते. केअरर्स अलाउन्ससोबत नॅशनल इन्शुरन्सचे क्रेडिट्सही जमा होतात आणि त्यावर तुमची पुढची पेन्शन ठरते.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मात्र गाठ बसते. तिथे आजारपणामुळे काम करता येत नाही म्हणून एक जादा रक्कम असते, २०२५-२६ मध्ये ती महिन्याला ४२३.२७ पौंड होती. केअररसाठी दुसरी असते, ती त्या वर्षी २०१.६८ पौंड होती. एकाच माणसाला दोन्ही मिळत नाहीत, मोठी असेल ती मिळते. जोडप्यात एकाला आजारपणाची आणि दुसऱ्याला केअररची मिळू शकते. एप्रिल २०२६ पासून नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी आजारपणाची रक्कम २१७.२६ पौंडांवर आणली आहे, अतिगंभीर आजारांचा अपवाद सोडून. पैशात फरक पडत नसला तरी केअरर असल्याची नोंद कराच. उद्या फेरतपासणीत आजारपणाची रक्कम गेली तर केअररची रक्कम हाताशी राहते आणि नोकरी शोधण्याची सक्तीही होत नाही. केअरर्स अलाउन्स घेतलात तर तेवढी रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून वजा होते. न्यू स्टाइल ईएसए किंवा स्टेट पेन्शन चालू असेल तर त्याशिवाय केअरर्स अलाउन्स पूर्ण मिळत नाही.

केअरर्स अलाउन्स मागण्याआधी, ज्यांची सेवा करता त्यांची कागदपत्रं बघा. एकटी राहणारी मावशी पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा भत्ता) घेत असेल तर तिला सिव्हिअर डिसॅबिलिटीची, म्हणजे गंभीर अपंगत्वाची, जादा रक्कम मिळत असू शकते, २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला ८२.९० पौंड होती. तुम्हाला तिच्यासाठी केअरर्स अलाउन्स मिळू लागला, की तिची ही रक्कम थांबते. त्या वर्षीच्या हिशेबाने तुमचे ८३.३० आले, तिचे ८२.९० गेले, वर तुमच्या रकमेवर आयकर लागू शकतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचाच हा प्रकार. अशा वेळी आधी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा केअरर्स यूके या सल्ला देणाऱ्या संस्थांकडून हिशेब करून घ्या, अर्ज नंतर.

सगळ्यात जास्त वेळ पिपच्या फॉर्मला द्या. केअरर असल्यामुळे पिप जात नाही, पण ‘ही बाई दुसऱ्याचं सगळं करते म्हणजे धडधाकट असणार’ असा निष्कर्ष तपासणारा काढू शकतो. त्याला जागा आपणच देतो, कारण आपल्याला कण्हायची सवय नाही. ‘मी सासूबाईंचं जेवण करते’ असं एका ओळीत लिहिलं की तुम्हाला स्वयंपाक येतो अशी नोंद होते. नियम वेगळं सांगतो. एखादं काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळेत करता येत असेल तरच ते ‘येतं’ असं धरायचं, तेही निम्म्याहून जास्त दिवस. म्हणून खरं काय होतं ते पूर्ण लिहा: ‘भाजी चिरलेली आणते, कारण सुरी धरवत नाही. उंच स्टुलावर बसून करते. कुकर उचलता येत नाही, तो मुलगा उतरवतो. दोनदा हात भाजला आहे. एक वेळचं जेवण केल्यावर झोपावं लागतं, संध्याकाळी गॅससमोर उभी राहत नाही, मायक्रोवेव्हमध्ये गरम करते.’ यात एक शब्दही वाढवलेला नाही. उलट, दोन आठवडे वहीत एका बाजूला त्यांच्यासाठी काय केलं आणि समोर त्यानंतर तुमच्या अंगाचं काय झालं, हे लिहिलं तर फॉर्म भरताना आठवत बसावं लागत नाही. वहीची प्रत फॉर्मला जोडा. निर्णय चुकीचा वाटला तर एका महिन्यात मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागा, त्यानंतर अपिलासाठी ट्रायब्युनल आहे.

नोकरी करणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनमध्ये भरलेल्या रकमेचा अर्धा भाग वजा जाऊन आठवड्याची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये ती १९६ पौंड होती) वर गेली, तर एका पौंडासाठी त्या आठवड्याचा सगळा केअरर्स अलाउन्स जातो. लगेच कळवलं नाही तर जमलेले पैसे नंतर परत मागतात. पगारवाढ झाली की त्याच दिवशी हिशेब करा.

भारतात जाताना पिप १३ आठवड्यांपर्यंत चालू राहतो, युनिव्हर्सल क्रेडिट एक महिना, केअरर्स अलाउन्स चार आठवडे. आजारी माणसाला सोबत नेऊन तिथेही तुम्हीच सेवा करणार असाल आणि त्यांचा भत्ता चालू असेल, तर केअरर्स अलाउन्स जास्त काळ मिळू शकतो. जाण्याआधी कळवा.

हे सगळे आकडे आणि नावं इंग्लंड-वेल्सची आहेत. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आणि केअरर्स अलाउन्सच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट आहे.

आणि ज्यांच्या व्हिशावर अजून अट आहे, त्यांनी निराश होऊन बसू नये. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टखाली कौन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) केअरर्स असेसमेंट, म्हणजे सेवा करणाऱ्याला कोणती मदत लागते याची तपासणी, मागता येतं. ते पब्लिक फंड्सच्या यादीत नाही. कौन्सिलच्या अ‍ॅडल्ट सोशल केअरला फोन करा आणि सुरुवातीलाच सांगा की मी केअरर आहे आणि मी स्वतःही आजारी आहे, मला दोन्ही असेसमेंट हवीत. एकच करून देतो म्हणाले तर दुसरं लेखी मागा.