दुधी रात्री फुलतो, हे मला सेकंड शिफ्टमुळे कळलं

पहिल्या वर्षी गच्चीवरचा दुधी मांडवभर पसरला, पण एकही फळ धरेना. बोटाएवढे दुधी यायचे, चार दिवसांत टोकाकडून पिवळे पडून गळायचे. सासूबाई राजापूरच्या. त्यांचं ठाम मत, की कुणीतरी बोट दाखवलं. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नसतं, दाखवायचंच तर वाकडं करून. शेजारच्या काकांनी युरिया सुचवला. तोही घातला. पानं सुपाएवढी झाली, दुधी काही धरला नाही.

मी नर्स आहे. त्या महिन्यात सेकंड शिफ्ट होती, घरी यायला साडेनऊ वाजायचे. एका रात्री वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले, तर अंधारात पांढरी फुलं टक्क उघडी! सकाळी पाणी घालताना मला दिसायची ती फुलं कोमेजलेलीच असायची, आणि मी समजायचे की कळ्याच उमलत नाहीत. दुधी संध्याकाळी उमलतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मान टाकतो. त्याचे पाहुणे म्हणजे मुख्यतः रात्रीचे पतंग. चारी बाजूंनी इमारती असलेल्या आमच्या गच्चीवर ते पुरेसे येत नसावेत. मग नर फुलाचे पराग मादी फुलाला लावायचं ते काम मीच अंगावर घेतलं.

आधी नर-मादी ओळखा. एकाच वेलावर दोन्ही फुलं वेगवेगळी येतात. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक, त्याच्या मागे काही नसतं. मादी फुलाच्या मागे कळी असल्यापासूनच इवलासा लव असलेला दुधी असतो. तोच अंडाशय. बी पेरल्यावर साधारण दीड महिन्यात फुलं दिसतात, पण आधी नुसती नर. आठवडाभर नुसतेच नर येतायत म्हणून घाबरू नका. मादी फुलं बाजूच्या फुटव्यांवर जास्त येतात, म्हणून मुख्य वेल मांडवावर चढला की त्याचा शेंडा खुडा. आणि युरिया थांबवा. शेणखत पुरे.

आता प्रत्यक्ष काम. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या मागे वळवून काढून टाका. मधे वळ्यावळ्यांचा पिवळसर गोळा उरतो, तो बोटाला लावून पाहा. पिवळी पूड, म्हणजेच पराग, चिकटली तर माल ताजा आहे. मादी फुलाच्या मधोमध कुक्षी असते, तीन जाड पाळ्यांची, किंचित चिकट. तिच्यावर तो गोळा अलगद फिरवा. तिन्ही पाळ्यांना लागला पाहिजे, यात कंजुषी नको. मी आधी ब्रश वापरायचे, पण निम्मे पराग ब्रशलाच राहतात. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

तिन्ही पाळ्या कशासाठी, तर परागकण कुक्षीवर रुजतो, त्यातून केसाहून बारीक नळी निघते आणि आत बीजांडापर्यंत (ज्याची पुढे बी होते) जाते. प्रत्येक बीला एक परागकण लागतो. बारावीत ‘दुहेरी फलन’ घोकलं होतं ते हेच: नळीतून दोन पुंयुग्मकं (नर पेशी) जातात, एकापासून गर्भ, दुसऱ्यापासून त्याचा शिधा. १८९८ साली नवाशिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते दाखवलं. दुधीत तो शिधा दोन्ही डाळी आधीच फस्त करतात, म्हणून बी सोललं की आत पांढऱ्या दोन डाळीच निघतात. वाढणारी बी फळाला ‘फूग’ असा निरोप देते. ज्या बाजूला बिया धरल्या नाहीत ती बाजू बारीक राहते आणि दुधी वाकडा होतो. खायला काही बिघडत नाही.

धरला असेल तर दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो, लव चमकते. बारा-पंधरा दिवसांत काढा, नख सहज रुतेल तेव्हाच.

बाकीच्यांच्या वेळा वेगळ्या. दोडका आणि पडवळ संध्याकाळचे. घोसाळं, कारलं आणि तांबडा भोपळा पहाटेचे. भोपळा तर सकाळी दहाच्या आत उरकायचा, म्हणून माझी फर्स्ट शिफ्ट असली की ते काम सासूबाईंकडे. उरलेल्या नर फुलांची त्या भजी करतात. कर्टोलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, दोन्ही हवेत. तोंडलीला यातलं काहीच लागत नाही, ती परागाविनाच धरते.

पावसात परागकण भिजून फुटतात. पावसाची चिन्हं दिसली की दुपारीच कळ्यांवर कागदाची सैल टोपी घाला.

एक फरक लक्षात ठेवा. पराग न मिळालेलं फळ टोकाकडून पिवळं पडून सुकतं. पण बारीक भोक, त्यातून डिंकासारखा थेंब आणि आत अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. तिथे क्यूल्युअरचा (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा, परागीभवनाने काही होणार नाही.

बी धरायचं असेल तर उमलण्याच्या दिवशी दुपारीच नर-मादी कळ्या दोऱ्याने बांधा, रात्री सोडून पराग लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. भोपळ्याशी दुधीचा संकर होत नाही, पण शेजारच्या गोल दुधीशी होतो. बीसाठी निवडलेल्या वेलाच्या दुसऱ्या एखाद्या दुधीची कच्ची चकती जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंका, तो वेल बीला नको आणि खायलाही नको, विषबाधा होते.

यंदाचा बीचा दुधी मांडवावर लाकडासारखा टणक झालाय. रोज घरी आले की हलवून बघते. अजून आतून खुळखुळ ऐकू येत नाही.