फँटसी कादंबरीतली नावं आणि बनवलेल्या भाषा : मराठीत लिहिताना या चुका टाळा

मराठीत फँटसी लिहिणारी पोरं-पोरी आता बऱ्यापैकी झालीत. आमच्या कोल्हापुरातच ओळखीतून कुणी ना कुणी वाचायला पाठवतं, कुणी पीडीएफ, कुणी व्हॉट्सॲपवर एकेक प्रकरण, आणि खरं सांगतो कल्पना लई भारी असतात. पण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाला गाडी अडकते आणि बहुतेक वेळा कारण एकच, कोण कोण आहे तेच कळेनासं होतं. लढाई रंगात आलीय, कुणीतरी पडलाय, आणि मी मागची पानं चाळतोय की पडला तो राजाचा भाऊ की राजाचा वैरी. एवढी मेहनत नुसत्या नावांपायी वाया जाते याचं फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी वाचक कसा वाचतो ते बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथनं पुस्तक घरी नेणारा माणूस ते काय एका बैठकीत संपवत नाही. इचलकरंजीच्या एसटीत वीस पानं, मग घरात लग्नकार्य, मग रविवारी परत दहा पानं. मधल्या गॅपमध्ये तुमचं झारिक नावाचं पात्र त्याच्या डोक्यातनं गेलेलं असतं आणि ते परत यायचं तर नावातच काहीतरी धरायला पाहिजे.

सगळी नावं एकाच अक्षरावर

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. आपण नाव रोज अक्षर-अक्षर लावून वाचत नाही, पहिलं अक्षर आणि साधारण लांबी बघून डोळा पुढं पळतो. टॉल्किनसारख्या माणसाच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीत सॉरॉन आणि सारुमान हे दोन खलपुरुष आहेत आणि १९७८ च्या ॲनिमेशनपटात गोंधळ नको म्हणून सारुमानला बऱ्याच ठिकाणी 'अरुमान' म्हटलंय. तिथं ही गत, तर आपण किती जपायला पाहिजे.

हा तुकडा बघा, उदाहरणासाठी मीच रचलाय:

'झरेननं झारिकला खूण केली. झिरान अजून पोचला नव्हता. "झारिक, थांब," झरेन म्हणाला, पण त्याआधीच झिरानच्या माणसांनी त्याला घेरलं.'

घेरलं कुणाला? आता हेच असं:

'झरेननं ओटूला खूण केली. सेनापती मालुंग अजून पोचला नव्हता. "ओटू, थांब," झरेन म्हणाला, पण त्याआधीच मालुंगच्या माणसांनी म्हाताऱ्याला घेरलं.'

प्रसंग तोच, फक्त तीन नावं तीन वेगळ्या आवाजांची झाली आणि दोघांना हुद्दा, वय अशी एकेक खूण मिळाली. (ओटू म्हातारा आहे हे आधी एकदा सांगून ठेवायला लागेल, तेवढं कराच.)

देवनागरीत आणखी एक भानगड आहे जी इंग्रजी टिप्स वाचून कळत नाही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरं बारीक टायपात सारखीच दिसतात, त्यामुळं 'घारव' आणि 'धारव' हे दोन भाऊ केलेत तर वाचकाला ते एकच वाटणार. आणि ऱ्हस्व-दीर्घावर तर अजिबात विसंबू नका, 'मिरा' राणी आणि 'मीरा' दासी असा फरक कागदावर असतो, वाचताना कुणाच्या जिभेवर येत नाही. संस्कृत वळणाच्या नावांचा गोंधळ शेपटीकडं असतो. वज्रसेन, रुद्रसेन, चंद्रसेन, तिघंही दरबारात, तिघंही चिडलेले.

'पण महाभारतात चालतंय की'

हे उत्तर मला हमखास मिळतं आणि ते नीट तपासण्यासारखं आहे. अंबा, अंबिका, अंबालिका बघा, नावं जवळजवळ सारखी पण तिघी बहिणी, एकत्रच येतात, आणि लगेच तिघींच्या वाटा फुटतात. अंबा सूडासाठी पुढच्या जन्मी शिखंडी होते, अंबिका भीतीनं डोळे मिटते, अंबालिका पांढरीफटक पडते. कृत्य असं काही ठळक आहे की नाव विसरलं तरी बाई आठवते. अर्जुनाला तर ढीगभर नावं, पण विराटपर्वात तो उत्तराला आपली दहा नावं सांगतो आणि प्रत्येकामागचं कारणही सांगतो, म्हणजे वाचकाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. शिवाय धृतराष्ट्र आणि धृष्टद्युम्न आपण गोंधळत नाही कारण ही माणसं लहानपणापासून घरात ऐकलेली असतात. तुमच्या कादंबरीतला माणूस वाचकाला पहिल्यांदाच भेटतोय.

घराण्यात एकच नाव परत परत हवं असेल तर आपल्या गादीचा इतिहासच समोर आहे. शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज, मग १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला ज्यांचं निधन झालं ते कोल्हापूरचे राजाराम महाराज, आणि पुन्हा १९२२ ते १९४० गादीवर असलेले राजाराम महाराज. शाहूही एकाहून जास्त, पण आपण 'सातारचे शाहू' आणि 'राजर्षी शाहू' म्हणतो आणि विषय मिटतो. तेच करा, प्रत्येकाला एक जोडनाव द्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा, मध्येच कंटाळून बदलू नका.

विभक्ती लावून बघितलीच नाही

माझ्या मते मराठीत लिहिणाऱ्यानं सगळ्यात आधी हे बघायला पाहिजे. आपल्याकडं नाव एकटं राहत नाही, त्याला ने, ला, चा, शी, त चिकटतात. म्हणून पात्राचं नाव 'वारने' ठेवलं की 'वारने दार उघडतो' वाचताना आधी वाटतं की माणसाचं नाव वार आहे. 'मिरला', 'तोरशी', 'कोसचा', सगळ्यांचं तेच. शेवटी प्रत्ययासारखं काही येत असेल तर नाव बदला, दुसरा इलाज नाही.

'कर्गा' सारखी आकारान्त नावंही त्रास देतात. एका पानावर 'कर्गाला', दुसऱ्या पानावर 'कर्ग्याला', आणि वाचक समजतो कर्गा वेगळा आणि कर्ग्या वेगळा. आधीच ठरवा आणि लिहून ठेवा.

आणि आदरार्थी 'ते'! 'महाराज सैन्यासह आले. ते दमले होते.' दमलं कोण, महाराज की सगळेच? अशा जागी सर्वनाम सोडा आणि सरळ नाव नाहीतर पद लिहा. उलट, आपल्या क्रियापदात बाई की पुरुष ते बऱ्याचदा आपोआप कळतं, 'ओरडली' म्हटलं की निम्मी माणसं बाद होतात, त्याचा फायदा घ्या. एका प्रसंगात दोन पुरुष आणि एक बाई असेल तर काम किती सोपं होतं बघा.

उच्चारच होत नाही

'क्'झर्थ्र' असलं नाव वाचक पहिल्यांदा कष्टानं वाचतो, दुसऱ्यांदा 'तो क-वाला' म्हणून पुढं जातो. तुम्हाला स्वतःला ते मोठ्यानं सलग म्हणता येत नसेल तर ठेवू नका. च आणि ज चं पण बघा, 'जारक' मधला ज जयमधला की जागामधला? पहिल्याच भेटीत दुसऱ्या कुणाच्या तोंडून हाक मारताना एखादं लाडकं रूप किंवा यमक आणलं तर उच्चार आपोआप कळतो.

नावं वेगळ्या जगातली वाटायला ती विचित्र असायची गरज नाही, एकमेकांशी नातं सांगणारी असावी लागतात. आपल्या जिल्ह्याचा नकाशा उघडा. शाहूवाडी, राधानगरी ऐकलं की एक सूर लागतो, हातकणंगले, गडहिंग्लज ऐकलं की कानाला सीमेपलीकडची कानडी हवा लागते. कुणी न सांगता दिशा कळते. तुमच्या प्रत्येक लोकसमूहाला असे दोन-तीन आवाज वाटून द्या, एकाला ळ आणि ण, दुसऱ्याला स आणि र, मग अनोळखी पात्र आलं तरी वाचक ओळखतो की हा डोंगरापलीकडचा.

बनवलेली भाषा

लहानपणी च ची भाषा सगळ्यांनी बोललेली असते, 'मला पाणी दे' चं 'चलाम चाणीप चेद'. मजा येते, पण ती मराठीच आहे, फक्त अक्षरं हललीत. बरेच लेखक आपल्या एल्फांची भाषा अशीच करतात, मराठी वाक्य घेऊन एकेक शब्द बदलतात. मार्क ओक्रँड यांनी 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा करताना मुद्दाम कर्म, क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्रम घेतला, म्हणून ती ऐकतानाच परकी वाटते. टॉल्किन तर भाषांचेच प्राध्यापक, त्यांनी बनवलेल्या भाषांपैकी क्वेन्यावर फिनिशची आणि सिंडारिनवर वेल्शची छाया आहे. तुम्हाला एवढं खोल जायची गरज नाही, पण एखादा नियम तरी वेगळा पाहिजे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती भाषा कशासाठी आहे. आपल्याकडं व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, गिऱ्हाइकासमोर भाव बोलायचा पण त्याला कळू द्यायचा नाही, म्हणून आकड्यांना वेगळे शब्द. काम ठरलेलं होतं म्हणून थोडक्या शब्दांत भागलं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत लिहिले त्यालाही कारण होतं. तुमचे लोक कुणापासून काय लपवतात हे ठरलं की भाषा निम्मी झाली.

पानावर किती घालायची? फार थोडी. सलग तीन ओळी न कळणारा संवाद आला की वाचक त्या ओळी सोडतो. २०१५ च्या बाहुबलीत मदन कार्कींनी केलेली किलिकी ही बनवलेली भाषा आपण पडद्यावर ऐकतो तेव्हा चेहरा आणि आवाज मदतीला असतो, कागदावर तो नाही. त्यापेक्षा एकच शब्द घ्या, समजा 'होरुम'. जेवण संपल्यावर म्हातारी म्हणते होरुम. वेशीचं दार लावताना पहारेकरी म्हणतो होरुम. आणि मग मुलाच्या प्रेताजवळ बाप म्हणतो होरुम. कुठंही अर्थ दिला नाही तरी तिसऱ्या वेळी वाचकाच्या अंगावर काटा येतो.

आणि एक मनापासून विनंती. राजा-राणी शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात आणि आचारी, पहारेकरी, विदूषक मात्र आमच्यासारखं 'काय करालायस' बोलतात, हे बंद करा. तसंच राक्षसांची भाषा म्हणून कुठल्या खऱ्या समाजाच्या बोलीची मोडतोड करू नका. कोल्हापुरी बोलणारी राणी लिहून तर बघा, तिचा हुकूम किती जड पडतो ते.

नाव बदलायचं ठरवलं तर

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर 'फाइंड अँड रिप्लेस' मारून नावं बदलणारे बरेच आहेत आणि मराठीत तिथं हमखास घोळ होतो. 'राम' चं 'वेद' केलं की 'आराम' चं 'आवेद' होतं. म्हणून आधी त्या नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहा, रामनं, रामला, रामाचा, रामकडं, आणि लांबलचक रूपापासून सुरू करून एकेक जागा बघत बदला. सगळं एकदम बदलायचं बटण दाबू नका. शेवटी नव्या नावाचे मागचेपुढचे शब्द एकदा वाचून घ्या, कारण जुन्या नावावर केलेली एखादी कोटी किंवा यमक तिथं तसंच राहून गेलेलं असतं.